भिंतीचा होकार

त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या साठ आणि माणसं नव्वद. उरलेली खिडक्यांच्या कठड्यांवर. एरवी याच हॉलमध्ये सभा बोलावली की सात जण यायचे आणि त्यांतले तीन झोपायचे. आज मात्र सगळे डोळे ताणून समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंत साधीच होती. फिकट पिवळा रंग आणि मधोमध एक रिकामा खिळा, ज्यावर कधीकाळी घड्याळ असायचं. पण महिनाभरापासून ती भिंत बोलायला लागली होती.

फार बोलायची नाही. "हं" एवढंच म्हणायची.

भिंतीपुढे गालिच्यावर हुंकारबाबा बसले होते. दाढी भरघोस, आवाज त्याहून भरघोस, आणि हातात खालून लोखंडी टोपण बसवलेला जाडजूड दंड.

"विचारा! लाजू नका!" बाबा गरजले. "भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलंत. तोंड असतं हे कधी ऐकलंत? नाही! का? तर तुम्ही कधी विचारलंच नाही! अरे, भिंत म्हणजे काय? भीतीचा अंत, ती भिंत!"

दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंनी हात जोडून विचारलं, "माझा मुलगा परीक्षेत पास होईल ना?"

बाबांनी डोळे मिटले आणि दंड एकदा जमिनीवर आपटला. ठक्! क्षणभर शांतता, आणि मग भिंतीच्या पोटातून खोल, घोगरा आवाज आला. "हंऽऽऽऽ..."

अंगावर काटा आला सगळ्यांच्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एका घरमालकाने विचारलं, "भाडेकरू या वर्षी जागा सोडेल का?" दंड दोनदा आपटला. ठक्! ठक्! भिंत गप्प.

"भिंत नाही म्हणते," बाबांनी खिन्नपणे मान हलवली, आणि नव्वद जणांनी कौतुकाने मान डोलावली. गप्प बसण्याचीही एवढी वाहवा होते हे जोडमावशीला नवीनच होतं. तिच्या नवऱ्याला तर गप्प बसण्याबद्दल जन्मभर बोलणी खावी लागली होती.

जोडमावशी पहिल्या रांगेच्या टोकाला, भिंतीला लागून बसली होती. दोन गल्ल्या पलीकडे तिचं दुकान होतं आणि दुकानात फक्त एकाच प्रकारचा माल होता: नळ नळाला जोडणाऱ्या, पण वाकणाऱ्या, लवणाऱ्या जोडण्या. त्यावरून अख्ख्या बाजाराने तिचं नाव जोडमावशी पाडलं होतं. गिऱ्हाईक आलं की ती आधी माप विचारत नसे. आधी विचारायची, "काय हलतंय?" कारण काहीतरी हलत असल्याशिवाय लवचिक जोड कुणी मागत नाही. जमीन खचते म्हणून सांडपाण्याचा नळ हलतो, त्याला रबरी बाही आणि वर स्टीलचे पट्टे. गरम वाफेचा नळ तापून लांबतो, त्याला घड्याघड्यांचा स्टीलचा भाता. पंखा थरथरतो, म्हणून पंखा आणि हवेचा पत्र्याचा बोगदा यांच्यामध्ये जाड कापडाची कॉलर. सत्तावीस वर्षांत या एका प्रश्नाने तिला कधी दगा दिला नव्हता.

ती इथे आली होती ते थोरल्या भावासाठी. तिचा दादा याच इमारतीत राहायचा. बत्तीस वर्षं बस चालवलेला, आवाजाने वाहतूक थांबवणारा माणूस. त्याला हर्निया झाला होता. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, झोपला की आत जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आतडं त्यात अडकलं तर जिवावर बेतेल, पुढच्या सोमवारी ऑपरेशन करून टाकू." आणि तो दादा आता उठून भिंतीपुढे हात जोडून उभा होता.

"ऑपरेशन करून घेऊ का?"

ठक्! ठक्!

भिंत गप्प.

"नको म्हणते!" बाबा म्हणाले. "शरीर म्हणजे देवाची शिवण. त्याला कात्री कशाला? सात रविवार भिंतीची सेवा करा, गाठ आपोआप विरेल."

दादाच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. बाबांवर जोडमावशी नुसती चिडली असती, पण भावाच्या त्या सुटकेच्या चेहऱ्याची तिला भीती वाटली.

पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला, दंड एकदा वाजला, आणि भिंत हुंकारली. मावशीने सहज तळवा भिंतीवर टेकला.

"हात काढा!" बाबा किंचाळले. "भिंत भ्रष्ट होते!"

मावशीने हात काढला. पण हाताला जे कळायचं ते कळलं होतं. ती थरथर तिने आयुष्यात हजारदा हाताखाली घेतली होती.

"दादा, तो पंप आहे," जिना चढता चढता ती म्हणाली. "भिंतीतून पाण्याचा नळ वर गेलाय. खाली पंप थरथरतो, ती थरथर नळातून भिंतीत शिरते."

"पंप तर रोज दोन तास चालतो. तेव्हा कधी भिंत बोलली?"

मावशीने जिन्याच्या भिंतीवरही तळवा टेकवून पाहिला.

"तुला ना, सगळीकडे नळच दिसतात," दादा म्हणाला. "मी सोमवारी जाणार नाही. विषय संपला."

वहिनी दारातच उभी होती. दादा आत गेल्यावर तिने मावशीचा हात घट्ट धरला. "वन्सं, हे ऐकत नाहीत हो माझं. काहीतरी करा."

मावशी दुकानात आली, पण कामात लक्ष लागेना. रोज पंप चालतो आणि भिंत गप्प असते. रविवारी भिंत बोलते. मग रविवारी वेगळं काय हलतं? विचार करता करता तिची नजर वरच्या फळीवर गेली, आणि ती स्टुलावर चढलीच.

तिथे एक रबरी जोड पडली होती. मध्ये डेऱ्यासारखं फुगलेलं काळं रबर, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या, प्रत्येक चकतीला चार भोकं. पंप आणि नळ यांच्यामध्ये ही बसवतात. पंपाची थरथर रबर गिळून टाकतं आणि नळाला पत्ताही लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी दादाच्या सोसायटीचा पंपवाला तिच्याकडून अशा दोन जोडण्या घेऊन गेला होता, इमारतीत दोन पंप होते म्हणून. एक रोजचा आणि एक अडीअडचणीला. आठवड्याने तो एक जोड परत घेऊन आला होता.

"ही बदलून तेवढ्याच लांबीचा लोखंडी तुकडा द्या."

"पंपाला? काय हलतंय तिथे?" मावशीने सवयीने विचारलं होतं.

"काहीच हलत नाही. बंद पंप आहे. नुसती जागा भरायची."

रबर काढून लोखंड मागणारं हे तिच्या सत्तावीस वर्षांतलं पहिलंच गिऱ्हाईक. तेव्हा ती मनाशी हसली होती आणि तुकडा देऊन मोकळी झाली होती. आता तिने कपाळावर हात मारून घेतला. भिंतीचं तोंड तिच्याच दुकानातून गेलं होतं!

शनिवारी दुपारी दोन वाजता पंपवाला घरी जाऊन आडवा झाला, आणि मावशी व वहिनी तळघरात उतरल्या. तळघरात विजेचे मीटर, मोडक्या सायकली, आणि कोपऱ्यात दोन पंप. एक भिजून चकचकीत झालेला, रोजचा. दुसऱ्यावर पाटी: 'बंद आहे. हात लावू नये.' त्याच्या तोंडापाशी एक पोतं गुंडाळलेलं.

मावशीने पोतं उचललं. खाली तिचा लोखंडी तुकडा होता, आठही बोल्ट कडकडीत आवळलेले.

"वहिनी, तुम्ही वर जाऊन भिंतीला कान लावा. मी बटण दाबते."

"वन्सं, खरंच भूतबीत असलं तर?"

"असलं तर त्यालाही सांगा, सोमवारची तारीख चुकवू नको म्हणून."

बंद पंप बटण दाबताच घुर्र करून सुरू झाला. मावशीने दोनदा चालू-बंद केला. वहिनी धापा टाकत खाली आली, ते हसतच.

"मी विचारलं, माझे केस शेवटपर्यंत काळे राहतील का? तर भिंत 'हं' म्हणाली! अहो, हे तर मी दर महिन्याला रंगवते!"

मग मावशीने पदर खोचला. पुढचा-मागचा व्हॉल्व्ह बंद केला, पाना लावला, आणि एकेक बोल्ट सोडायला घेतला. सहावा बोल्ट इतका अडून बसला की वहिनीने टॉर्च तोंडात धरून दोन्ही हातांनी पाना ओढला. तुकडा सुटला तसं नळातलं उरलंसुरलं पाणी थेट वहिनीच्या पायांवर आलं, आणि ती ओरडायच्या ऐवजी खुदखुदत बसली. लोखंड निघालं, तिथे पंपवाल्यानेच परत केलेली रबरी जोड बसली. व्हॉल्व्ह उघडले, पोतं होतं तसं गुंडाळून ठेवलं. परत बटण दाबलं. वहिनी वर गेली, भिंतीला कान लावून पाच मिनिटं उभी राहिली आणि खाली येऊन म्हणाली, "मेली मुकी झाली."

"पण पंपवाल्याच्या लक्षात आलं तर?"

"पोतं त्यानेच झाकलंय," मावशी म्हणाली. "स्वतः झाकलेलं कुणी पुन्हा उघडून बघत नाही."

रविवारी हॉल पुन्हा तुडुंब भरला. सकाळी उठताना दादाला अशी कळ आली होती की तो पाच मिनिटं पलंगाची कड धरून बसला होता. तरी खाली आला, पहिल्या रांगेत बसला, आणि चेहरा पांढराफटक असूनही "मला काही होत नाहीये" म्हणत राहिला.

बाबांनी सुरुवात केली. "विचारा! ज्याला पत्ता हवा त्याने पोस्टमनला विचारावं, ज्याला भविष्य हवं त्याने भिंतीला विचारावं!"

जोडमावशी उभी राहिली. "बाबा, मागच्या रविवारी माझ्या भावाचं ऑपरेशन भिंतीने नको म्हटलं. पण ती गप्प बसली, त्याचा अर्थ आपण 'नको' असा धरला. एवढ्या मोठ्या गोष्टीत नुसत्या गप्प बसण्यावर कसं राहायचं? भिंतीने एकदा तोंडाने हो म्हणावं. मी विचारते, माझ्या भावाने ऑपरेशन टाळावं, हेच भिंतीचं म्हणणं आहे ना?"

"अगदी रास्त!" बाबा खुशीत आले. दंड एकदा वाजला. ठक्!

भिंत गप्प.

बाबांनी एक डोळा उघडला. ठक्!

गप्प.

"भिंत ध्यानात गेली आहे," बाबा म्हणाले. "मोठा प्रश्न आहे. वेळ लागतो." आणि जरा जोरात, ठक्! दाढीतून घामाचा थेंब ओघळला. "हे भिंते, बोल!" ठक्! ठ्ठक्!! लोखंडी टोपण निसटून घरंगळत घरमालकाच्या खुर्चीखाली गेलं.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे भिंत नाही म्हणतेय. म्हणजे टाळू नये!"

"ऑपरेशन करा म्हणतेय!" शिलाईवाल्या बाई म्हणाल्या.

"तसं नाही, तसं नाही!" बाबा उठून भिंतीला चापट्या मारायला लागले. मागच्या रविवारी एका तळव्याने भ्रष्ट होणारी भिंत आज मुकाट मार खात होती. दहा मिनिटं हा खेळ चालला. तेवढ्यात खिडकीवर बसलेला माणूस ओरडला, "पाणी! वरून पाणी पडतंय!"

सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीबाहेर धबाधबा धार कोसळत होती. गच्चीवरची टाकी सकाळीच भरून ठेवलेली होती आणि आता ती उतू चालली होती.

"पंप कुणी चालू ठेवला?" घरमालक ओरडला.

"चला, त्यालाच विचारू," मावशी म्हणाली. "यायचं ना, बाबा?"

बाबांना यायचं नव्हतं. पण नव्वद माणसं एका दारातून निघाली की मधल्या माणसाच्या इच्छेला कोण विचारतो? तेही तळघरात पोहोचले.

पंपवाला स्टुलावर बसून बटणावर अंगठा दाबून धरत होता आणि छताकडे बघत होता. एवढी गर्दी पाहून तो ताडकन उठला, आणि गर्दीत दाढी दिसताच रडवेला होऊन म्हणाला, "भावजी, मी बटण दाबलंय हो! पहिल्या ठोक्यालाच दाबलंय! आवाज येत नाही यात माझी काय चूक?"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या; मागे पंप चालूच होता.

"भावजी?" शिलाईवाल्या बाईंनी विचारलं.

सगळं बाहेर पडायला फार वेळ लागला नाही. बाबा म्हणजे पंपवाल्याच्या बहिणीचा नवरा. जुनी रबरी जोड फाटली तेव्हा पंपवाल्याने तात्पुरता लोखंडी नळ लावला, वर भिंत घुमली, आणि हॉल झाडणारी बाई घाबरून पळाली. ती गोष्ट त्याने हसत हसत घरी सांगितली आणि भावजींना त्यात चमत्कार दिसला. तात्पुरता नळ गळायला लागला म्हणून पक्का तुकडा हवा होता. दंड एकदा वाजला की बटण चालू, दोनदा वाजला की हात लावायचा नाही. एवढाच काय तो भिंतीचा वेद.

जोडमावशीने पोतं बाजूला केलं.

"या. एकेकाने या. आधी इथे हात ठेवा," तिने पंप दाखवला. "काय हलतंय?"

"थरथरतंय," घरमालक म्हणाला.

"आता रबराच्या पलीकडे, नळावर."

त्याने हात ठेवला. परत पंपावर ठेवला. परत नळावर. "इथे काहीच नाही की!"

"ती थरथर रबरात मुरते. रोजच्या पंपाला रबर आहे, म्हणून भिंत रोज गप्प. या पंपाला त्यांनी हे लावलं होतं," तिने पिशवीतून लोखंडी तुकडा काढला. "लोखंड काही मुरवत नाही. पंपाचं सगळं नळाला सांगतं, नळ भिंतीला सांगतो, आणि आपण भिंतीपुढे हात जोडतो."

रांग लागली. त्या दिवशी साठ-सत्तर माणसांनी पंपावर आणि नळावर हात ठेवून पाहिला. दादाचा नंबर आला तेव्हा तो बराच वेळ नळावर हात ठेवून उभा राहिला.

बाबा मागच्या मागे सटकत होते. वहिनीने जिन्यात त्यांची वाट अडवली. "थांबा की. पोलीस येतायत. हो म्हणतील की नाही, ते त्यांनाच विचारा."

दुपारी दादा गच्चीच्या जिन्यावर एकटाच बसला होता. मावशी शेजारी जाऊन बसली.

"धाकटे, मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे पंप हे नव्हतं माहीत. पण भिंत बोलत नसते हे कळतं गं मलाही. मला फक्त कुणीतरी नको म्हणायला हवं होतं." मग तो म्हणाला, "आपले अण्णा गेले ना, ते ऑपरेशनच्या टेबलावर. मी दहा वर्षांचा होतो. तेव्हापासून हॉस्पिटलचा जिना चढायचा म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून मागे फिरतो."

बसच्या स्टिअरिंगमागे डोंगरासारखा बसणारा हा माणूस वडिलांच्या मरणाची ही भीती पन्नास वर्षं मनात घेऊन बसला होता.

"दादा, अण्णा ऑपरेशनने नाही गेले. उशिराने गेले. चार दिवस पोट दुखत होतं आणि ते कुणाला सांगत नव्हते. आईने मला कितीदा सांगितलंय."

"आणि उद्या माझं काही बरंवाईट झालं तर?"

"भीती वाटणारच. मलाही वाटतेय. पण डॉक्टरांना आपल्याला 'का' म्हणून विचारता येतं. का कापायचं, काय घालणार, धोका किती, चुकलं तर काय. ते उत्तर देतात, आणि उत्तर चुकलं तर त्यांना जाब विचारता येतो. भिंतीला 'का' विचारून बघ. ज्याला 'का' विचारायची बंदी असते, त्याचा होकार घेऊ नये आणि नकार तर मुळीच घेऊ नये. मग तो भिंतीचा असो, बाबाचा असो, नाहीतर माझा."

सोमवारी सकाळी दादा हॉस्पिटलच्या पलंगावर पाय सोडून बसला आणि डॉक्टरांवर प्रश्नांची सरबत्तीच केली. डॉक्टरांनी शांतपणे कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाची भिंत इथे अशक्त झालीय, तिथून आतडं बाहेर डोकावतं, ते आत ढकलून वर जाळी शिवायची.

"ही जाळी ताठ असते की लवचिक?" दादाने विचारलं.

"लवचिक. माणूस हसतो, खोकतो, वाकतो. पोट सारखं हलत असतं ना."

दादाने वळून बहिणीकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला. लगेच "आई गं" करून गाठ धरली आणि म्हणाला, "चला, न्या आता. उशीर नको."

दोन तासांनी त्याला बाहेर आणलं. वहिनी एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. बराच वेळ तो डोळे मिटूनच पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं नीट झालंय, तरी वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती पुन्हा पुन्हा वाकून विचारत होती, "अहो, ऐकू येतंय का? बरं वाटतंय का?"

दादाने डोळे उघडले नाहीत. फक्त हात हळूच सरकवला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने एकदा टक् केलं.

"हंऽऽऽ," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि नर्सने दटावेपर्यंत हसत राहिल्या.